सगल्यांचं नको, तुजं सांग

भिंगारदिवे सिस्टरला कुणी देवमाणूस म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. समोर कोण आहे हे न बघता ती सुनवायची, "देव आणि माणूस एका शब्दात कोंबू नका हो. देव एकच आहे, आणि माणसं सगळी नापास. मी पहिली." म्हणणारा ओशाळून गप्प व्हायचा आणि बाहेर पडल्यावर चार जणांना सांगायचा, बघा, केवढी साधी बाई, अगदी देवमाणूस!

मी तिला कधी देवमाणूस म्हटलं नाही. तोंडावर अहो-जाहो केलं, ते आईने लावलेल्या वळणामुळे. पाठीमागे मी तिला अगं-तुगंच करते, आणि इथेही तेच करणार आहे. ती गेली म्हणून माझा राग काही तिच्याबरोबर पेटीत गेला नाही.

आधी राग कशाचा ते सांगून टाकते, म्हणजे कुणाला वाटायला नको की ही बाई उगाच गेलेल्या माणसावर तोंड टाकतेय.

आम्ही अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे. आमच्या भाताच्या खाचरांवर आता कारखान्याची भिंत आहे. वडील त्याच कारखान्यात हेल्पर होते आणि आई, हिराबाई, उल्हासनगरला कॅम्प दोन वस्तीतल्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. तिथे आयांना मावशी म्हणतात. सिस्टर तिथलीच हेड नर्स. नगरकडची ख्रिस्ती बाई, नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली. कांजी केलेली पांढरी साडी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, पर्समध्ये पेपरमिंट. चालताना साडीचा कडक आवाज व्हायचा आणि तो ऐकला की ज्युनिअर पोरी मोबाइल लपवायच्या, पेशंट उठून बसायचे.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते, आणि तेव्हा आमच्याकडे तासन्‌तास वीज जायची. नर्सिंग होममध्ये एक मुलगी जन्मली, वजनाला अगदी कमी. वीज गेलेली, जनरेटर सुरू होईना, त्यामुळे बाळाला ऊब द्यायचं यंत्र बंद. सिस्टर म्हणाली, "मावशी, पाणी तापवा, रबरी पिशवी भरून आणा." आईने पिशवी भरली, फडक्यात गुंडाळली आणि देताना म्हणाली, "जरा निवू दे गो." सिस्टरने पिशवी घेतली आणि स्वतःच्या हाताने बाळाच्या पायाशी सरकवली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत दुसरी बाई अडली, दोघी तिकडे धावल्या. परत येईपर्यंत फडकं सरकलं होतं आणि बाळाचं पाऊल भाजलं होतं.

नातेवाईक आरडाओरडा करत आत घुसले. डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांनी विचारलं, "पिशवी कुणी ठेवली?"

सिस्टर म्हणाली, "मावशीने."

एवढंच. एक शब्द. आई ओरडली, "खोटं! मी नाय ठेवली!" तर बाळाच्या काकाने तिच्या थोबाडीत मारली. आयाचं म्हणणं खरं धरायचं की हेड नर्सचं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. पोरीचं पाऊल वाचलं, बोटं गेली. आईची नोकरी गेली.

नोकरी गेली त्याचं एवढं नाही, नोकऱ्या मिळतात. पण आईचं खरं काम ते नव्हतंच. मोरिवलीत कुणाकडे बाळंतपण झालं की बाळाला न्हाऊ घालायला आईला बोलवायचे. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडगीवर पालथं घालायचं, तेल लावायचं, अंग चोळायचं आणि मग कढत पाण्याने न्हाऊ घालायचं. रडतं पोर तिच्या पायांवर निजायचं. अर्धं गाव तिच्या पायांवर न्हालेलं. त्या दिवसानंतर तिला कुणी बोलावलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, आपले लोक तोंडावर बोलत नाहीत. पण नळावर कुजबुज चालायची, "पोर भाजली हो तिने." पुढे माझ्या भावाचं लग्न झालं, वहिनी बाळंतपणाला चामटोलीला माहेरी गेली आणि पोर चांगलं बसायला लागेपर्यंत आलीच नाही. का आली नाही ते आम्हाला कळलं. आईलाही कळलं. ती त्या दिवशी अंगण दोनदा झाडत बसली.

तर हा माझा राग. आता सिस्टरकडे वळते.

आईला काढल्यावर काही दिवसांनी, एका रविवारी, ती आमच्या ओट्यावर हजर! चर्चमधून थेट आलेली, हातात बायबल. आई अंगणात जवळा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, मी पापी आहे," सिस्टर म्हणाली.

"कुनाला सांगतेस?"

"देवाला रोज सांगते. तुम्हाला सांगायला आले. आपण सगळेच पापी आहोत मावशी. एकही सरळ नाही. त्याची कृपा नसती तर..."

"सगल्यांचं नको," आई म्हणाली, "तुजं सांग. आनि मना नको सांगू, मना ठावं हाय. त्या डाक्टरनीला सांग. या गावात सांग."

सिस्टर पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "नोकरी जाईल. सर्टिफिकेट जाईल. दोन पोरी आहेत हो मला."

आईने माझ्याकडे बोट केलं. "आनि ही काय कोंबडी हाय?"

त्या दिवशी ती गेली आणि मला वाटलं संपलं. कसलं काय! ती येतच राहिली. महिन्या-दोन महिन्यांतून एक रविवार. नाताळात ताट भरून करंज्या आणि केक आणायची. आई ताट घ्यायची, ते आमच्या पुढ्यात ठेवायची, स्वतः तुकडा मोडायची नाही, आणि घासूनपुसून ताट परत द्यायची. मी चिडायचे. म्हणायचे, हाकल ना हिला, कशाला दारात उभी करतेस? आई म्हणायची, "येउदे. एक दिस बोलंल." तिला सिस्टरकडून दुसरं काहीच नको होतं. माफी नको, नुकसानभरपाई नको. खोटं जिथे बोललं गेलं तिथे जाऊन खरं बोलावं, एवढंच.

आता गंमत बघा. हीच बाई उल्हासनगरात कशासाठी प्रसिद्ध होती? तर खरं बोलण्यासाठी! दारू पिऊन बायकोला बघायला आलेल्या नवऱ्याला ती जिन्यावरून खाली हाकलायची. पण त्याच्यावर हसणाऱ्या वॉर्डबॉयलाही सोडायची नाही, "तू काय धुतल्या तांदळाचा? त्याचं तोंडाला वास मारतं म्हणून कळतं. तुझं पोटात आहे." पेशंटने डॉक्टरपासून काही लपवलं तर रागवायची नाही, पण एखादी बाई दुसऱ्या बाईला नावं ठेवायला लागली की हिचा पारा चढायचा. पापाची हिला चीड नव्हती. आपण पापी नाही असं समजणाऱ्यांची होती. आणि बोलायची कशी, तर परीक्षेच्या भाषेत. "स्वतःच्या मार्कांवर कुणी पास होत नाही पोरी. मी नाही, आमच्या चर्चचे पाळकसाहेब नाहीत, तुमचा तो टिळा लावणारा काका नाही. सगळे ग्रेसने पास. हातात प्रगतिपुस्तक घेऊन मिरवू नका." लोक हसायचे, त्यांना ते फार आवडायचं. मी एकदा म्हटलं, "आणि माझ्या आईचा पेपर कुणी फाडला?" तेव्हा ती हसली नाही.

कॅम्प दोनच्या बाजारातला तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. मी तेव्हा कॉलेजात होते, ड्रेस मटेरियल बघायला गेले होते. एका दुकानासमोर गर्दी जमलेली. एका पोरीला ओढणी चोरताना पकडलं होतं, आणि सेठने तिला पायरीवर उभं केलं होतं, गळ्यात पुठ्ठा, त्यावर हिंदीत लिहिलेलं, "मैं चोर हूँ". पोरगी रडून रडून लाल झालेली. लोक मोबाइलवर फोटो काढत होते. तेवढ्यात तो कडक साडीचा आवाज आला. सिस्टर गर्दीतून घुसली, पायरी चढली आणि त्या पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

सेठ गडबडला. अख्ख्या कॅम्पातल्या बायकांची बाळंतपणं हिने केलेली. "अरे सिस्टर, आप क्यों? आप नीचे आइए, चाय मँगाता हूँ."

"मैं इधरही ठीक है," ती आपल्या नगरी हिंदीत म्हणाली. "सेठ, इसका आज पकडा गया. मेरा नहीं पकडा गया. इतनाही फरक है. मेरे वास्ते भी एक पुठ्ठा लाओ."

सेठ दोन्ही हात जोडून विनवायला लागला. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने पोरीच्या गळ्यातला पुठ्ठा काढला. गर्दीतली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "संत है ये, संत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एका अनोळखी चोराकरता ही भरबाजारात उभी राहते! आणि जिच्या तोंडावर हिच्यामुळे चपराक बसली तिच्याकरता? मी गर्दीतून पुढे गेले आणि तिचा दंड धरला. "सिस्टर, चला. रिक्षा करते. मोरिवलीला चला आणि तिथे अशाच उभ्या राहा."

तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पोरी, तिथे पाय उचलत नाही गं."

"इथे बरा उचलला!"

"इथे मला कुणी विचारणार नव्हतं, माझं काय पकडलं गेलं नाही म्हणून."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. याचाच तर संताप! बावळट असती तर मी तिला सोडून दिलं असतं.

पुढच्या रविवारी मी तिच्या चर्चला गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. साधा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, छान गाणी, पेटी-तबल्यावर. मग सगळे उठले आणि एका सुरात पापांची कबुली द्यायला लागले. आम्ही चुकलो, आम्ही भटकलो, आमच्यावर दया कर. म्हातारे, पोरं, पाळकसाहेब, सगळे. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचा आवाज सगळ्यांत मोठा. मी मागे उभी राहून ऐकत होते, आणि मला वाटलं, अरे, हे तर फारच सोयीचं आहे! सगळ्यांनी आपापलं पाप आणून एका पातेल्यात टाकायचं, ढवळायचं, आणि मग कुणाचं कोणतं ते ओळखूच येत नाही. माझ्या आईवर ढकललेली ती गरम पिशवीही त्याच पातेल्यात.

बाहेर चपला घालताना मी तिला म्हटलं, "तुमच्या त्या 'आम्ही'मध्ये लपायला जागा बरीच आहे हो."

ती भडकली. मी तिला इतकं भडकलेलं कधी बघितलं नव्हतं. "लपते? मी लपते? तुला काय माहीत गं, रात्रंदिवस ते पाऊल डोळ्यासमोर असतं माझ्या! आणि तू कोण मोठी? तुझ्या हातून कधी काही चुकलंच नाही?"

"चुकलंय. पण ते मी तुमच्या अंगावर ढकललेलं नाही."

तिने छातीवरचं घड्याळ सरळ केलं. पर्समधून पेपरमिंट काढून मला दिली, आणि मी ती तिच्यासमोर गटारात टाकली. "बरोबर आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

असं होतं आमचं. वर्षं गेली. ती रिटायर झाली, मुलींची लग्नं झाली, ती बदलापूरला वन रूम किचनमध्ये राहायला गेली. गुडघे गेले, हातात काठी आली. मी केमिस्ट झाले, इथेच एमआयडीसीतल्या कंपनीच्या लॅबमध्ये लागले. सिस्टर मोरिवलीला अजून यायची, रिक्षा करून. आई म्हातारी झाली, सिस्टर म्हातारी झाली, ओट्यावर दोघी समोरासमोर बसायच्या आणि बोलायचं काही नाही. ज्या नोकरीला ती भीत होती ती कधीच संपली होती. सर्टिफिकेटचं लोणचं घालायचं होतं का आता? पण खोटं फार दिवस राहिलं की ते घरातलंच होऊन जातं बहुतेक.

मग एके दिवशी मी कामावरून येताना अंबरनाथ स्टेशनबाहेर फ्लेक्स बघितला. भला मोठा. 'आदर्श रुग्णसेविका, माणसातील देवदूत, श्रीमती मार्था भिंगारदिवे यांचा भव्य नागरी सत्कार.' तिचा फोटो, भोवती फुलांची महिरप, खाली भावी नगरसेवकांचे फोटो. मी तिथेच उभी राहून शिवी हासडली. बाजूचा पेरूवाला बघायला लागला.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं आई नेहमीसारखी गप्प बसेल. तर ती म्हणाली, "कदी हाय? मी येतंय."

नऊवारी काढली, नथ घातली, आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसली. पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या त्या. एक कार्यकर्ता उठवायला आला तर त्याच्याकडे असं काही बघितलं की तोच मागे जाऊन उभा राहिला. स्टेजवर सिस्टरला शाल घातली, नारळ दिला, काचेचा मोमेंटो दिला. सूत्रसंचालक अंगात आल्यासारखा बोलत होता. मग सिस्टरच्या हातात माइक दिला.

"मी काही देवदूत नाही," तिने नेहमीसारखी सुरुवात केली. "आपण सगळेच पापी..." आणि तिचं लक्ष पहिल्या रांगेत गेलं.

आई नुसती बसली होती. खुणावलं नाही, काही नाही.

सिस्टर थांबली. मग ती म्हणाली, "सगळ्यांचं राहू द्या. माझं सांगते. नर्सिंग होममध्ये एका बाळाचं पाऊल भाजलं होतं. ती पिशवी मी ठेवली होती. माझ्या हाताने. मी खोटं बोलले आणि ते या बाईवर ढकललं. या हिराबाईवर. तिचा काही दोष नव्हता."

झालं! मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता काय होतंय? आता कोण काय बोलतंय?

सूत्रसंचालकाने हलकेच माइक काढून घेतला. "बघा मंडळी! केवढं हे मोठं मन! एका साध्या आयाची चूक, आणि ती आजही स्वतःच्या अंगावर घेणारी ही माउली! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. लोक उभे राहिले. सिस्टर "नाही, नाही, ऐका" म्हणत होती, पण माइक नव्हता, आणि लाउडस्पीकरवर गाणं लागलं होतं. तिला कुणी खुर्चीवर बसवलं, कुणी पाणी दिलं, कुणी पाया पडलं. आयुष्यभर ही बाई ज्याला त्याला मी पापी, मी पापी सांगत आली, आणि त्यामुळे जेव्हा खरंखुरं पाप सांगितलं तेव्हा तो तिचा विनय ठरला!

मी सूत्रसंचालकावर धावून जाणार होते, आईने हात धरला. रिक्षात ती म्हणाली, "बोलली. पन कोनी आयकलं नाय." मग पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी तिला त्या गोष्टीवरून रडताना पहिल्यांदा बघितलं. त्या रात्री मला सिस्टरचाच नाही, त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या हातांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टर मोरिवलीत आली. काठी टेकत. आमच्याकडे आली नाही, गावाच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. भाच्याने पळत येऊन सांगितलं तेव्हा मी कामावर निघाले होते. मी डबा तसाच ठेवला आणि तिच्या मागे गेले. मदतीला नाही हं. ऐकायला.

प्रत्येक दारात तेच. "मी भिंगारदिवे सिस्टर. ती पिशवी मी ठेवली होती. हिराबाईने नाही. मी खोटं बोलले." बसा म्हटलं तरी बसायची नाही. चहा घ्यायची नाही. काहींना आठवतच नव्हतं, काहींना पक्कं आठवत होतं. एक म्हातारा म्हणाला, "आता कशाला उकरता?" एका बाईने तिला दारातच झापलं, "आमच्या हिरायचं वाटोलं केलंस तू!" सिस्टर म्हणाली, "हो. केलं." आणि पुढे गेली.

पाटलांच्या दारात त्यांची सून बाहेर आली. शिकलेली, शाळेत शिक्षिका. सगळं ऐकून समजुतीने म्हणाली, "जाऊ द्या हो सिस्टर. माणूस आहे, चुका सगळ्यांच्याच होतात."

सिस्टरने काठी आपटली. "सगळ्यांच्या नाही!" ती ओरडली. "माझी! माझी चूक. चूक पण नाही. चूक पिशवीची. खोटं बोलले ते पाप. सगळ्यांना मध्ये आणू नका, मी फार वर्षं आणलं."

ती सून घाबरून आत गेली. मी मात्र रस्त्यात थबकले. हे वाक्य मला बोलायचं होतं, आणि ते तिने माझ्याआधी बोलून टाकलं होतं, याचासुद्धा मला राग आला.

सगळ्यांत शेवटी आमचं घर. दारात वहिनी उभी होती. सिस्टरने तिलाही तेच सांगितलं, एक अक्षर कमी न करता. वहिनीने मान खाली घातली आणि आत निघून गेली. मग सिस्टर ओट्यावर बसलेल्या आईपाशी आली. घामाने साडी चिकटलेली, कांजी कुठच्या कुठे गेलेली.

"मावशी, सांगून आले."

"आयकलं," आई म्हणाली.

"एवढं फिरले म्हणून माफ करा, असं मी म्हणत नाही. हे फिरून फिटणारं नाही. फेडून कुणाचंच फिटत नाही. मिळालं तर फुकटच मिळायचं."

"फुकट!" आई उसळली. "बरं हाय गो तुजं! माजी वर्सं काय फुकट व्हती? मी काय तुजा देव हाय?" आणि ती उठून घरात गेली. मी सिस्टरला रिक्षात बसवून दिलं. भाडं तिचं तिने दिलं.

त्यानंतर आठवडाभरातच गावातली एक आजी आईला बोलवायला आली. नातीला मुलगा झाला होता. "हिराय, चल, न्हाऊ घाल. गावाचं चुकलं." आईने दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते, कंपवात सुरू झाला होता. "हे बघ," ती म्हणाली, "आता या हातांत पोर कसं देशील?" आजी बिचारी बसली, रडली, गेली.

मी लगेच सिस्टरला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुमचं खरं आलं, पण हात गेल्यावर आलं. तुमची कृपा कृपा म्हणता ती हात परत देते का? ती सगळं ऐकत होती. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "बोल, थांबू नकोस." शेवटी म्हणाली, "नाही देत गं. ते मीच घेतले." आणि तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला तसा मी फोन ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच गेली. मुलीचा फोन आला. आई म्हणाली, "जायाचा." मी म्हटलं, कशाला? ती चप्पल घालून दारात उभी होती.

दफनाआधी चर्चच्या हॉलमध्ये उपासना होती. पेटी समोर ठेवलेली, उघडी. पांढरी साडी, कडक. कुणीतरी आठवणीने कांजी केली होती. पाळकसाहेब नवीन होते, तरुण. ते उभे राहिले आणि बोलायला लागले, "आपल्या सिस्टर म्हणजे निष्कलंक जीवन. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नाही..."

"थांब," आई म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. आई उठून उभी राहिली होती. माझा हात धरून, पण आवाज खणखणीत.

"तिच्यावर खोटं नको बोलू. तिने माजं वाईट केलं. खोटं बोलली, माज्यावर टाकलं, आनि वर्सानुवर्सं गप बसली. मग माज्या गावात दारोदार फिरून सोताच्या तोंडाने सांगितलं. ते बोल. आनि मग पुरा तिला."

सिस्टरची मोठी मुलगी तोंडावर रुमाल दाबून बसली होती, तिने मान हलवली, हो म्हणून. पाळकसाहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मग ते सावकाश म्हणाले, "आपली बहीण मार्था. खोटं बोलली. एका निर्दोष बाईवर दोष टाकला. आणि मग दारोदार जाऊन खरं सांगितलं. ती आता देवाच्या दयेवर आहे. दुसरं तिच्याकडे काही नाही." आणि खाली बसले.

शेवटचं बघायला रांग लागली. आमची पाळी आली तशी आई पेटीजवळ वाकली. मी पहिल्यांदाच सिस्टरचा चेहरा इतक्या जवळून बघत होते. आपण काहीतरी विचारलंय आणि समोरचा उत्तर देत नाहीये, असा होता तो.

आईने आपला थरथरता हात तिच्या कपाळावर ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला.

"जा बाय," ती म्हणाली. "माज्याकडनं मोकली."

मागून कुणीतरी मला पुढे व्हा म्हणून खुणावलं. मी पेटीच्या कडेला धरून उभी राहिले. आई इतकी पुढे निघून गेली होती, आणि मला अजून तिथून हलता येत नव्हतं.